बागफेरी

बागायतदार संघाच्या बागफेरीला दोनच नियम, आणि दोन्ही म्हाताऱ्या आण्णाप्पांनी घालून दिलेले. ज्याच्या रानात फेरी असेल त्या मालकानं फेरी संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि चहा होईपर्यंत कुणीही रोगाचं नाव घ्यायचं नाही. आधी सगळ्यांनी रान बघायचं, पानं उलटी करायची, एखादं झाड मुळासकट उपटून नाकाशी धरायचं. मग बांधावर बसून, कप हातात आल्यावर, काय दिसलं ते एकेकानं सांगायचं. रोगाचं नाव एकदा कानात शिरलं की डोळे तेवढंच बघतात, असं आण्णाप्पांचं म्हणणं. नवी मंडळी या नियमाची टिंगल करायची. आप्पांना चहाची तल्लफ, तिचा त्यांनी कायदा केलाय, असं म्हणायची. पण महिन्यातून एकदा फेरीला सगळी यायची.

यंदा नवरात्राच्या तोंडावर हा नियम मोडला, आणि मोडला तो संघाच्या अध्यक्षांनीच.

फेरी भरमूच्या टोमॅटोत होती. पाऊस उघडून ऊन तापायला लागलं होतं आणि येळ्ळूरच्या त्या काळ्या रानातून अजून वाफ निघत होती. आण्णाप्पांना कणकण होती म्हणून ते आले नव्हते. भरमू नियमाप्रमाणं गप्प उभा होता, पण त्याचा चेहरा सगळं बोलत होता. झाडं गुडघ्याएवढी झालेली, आणि पानं चिंचोळी पडून आत वळलेली. शेंडे कुणी हातानं पिळा घातल्यासारखे वाकडे. अध्यक्ष मारुतीराव पहिल्याच सरीत थांबले, त्यांनी एक शेंडा खुडून वर धरला आणि म्हणाले, "ह्यो बोकड्या हाय. रोपातनंच आलाय."

झालं. बोकड्या म्हणजे पांढऱ्या माशीनं पसरणारा रोग. एकदा झाडात शिरला की त्याला औषध नाही. आणि रोपं कुणाची हे विचारायचीही गरज नव्हती. भरमूची, त्याच्या खालच्या शामूची, निम्म्या शिवाराची रोपं परशरामच्या शेडनेटमधून जात. सगळ्यांनी एकदम परशरामकडं पाहिलं. तो चार पावलांवर उभा होता. तो खाली वाकला आणि एक पान उलटून बघायला लागला. मग माणसं पुढं सरकली, आणि ज्याला त्याला वळलेली पानंच दिसायला लागली. शामूनं सांगितलं की त्याच्याही टोमॅटोत असंच आहे, जरा कमी आहे इतकंच. चहा आला तो कुणी चवीनं प्यायला नाही.

बांधाच्या कडेला संघाचा पंप ठेवलेला होता. पाठीवर घ्यायचा, पेट्रोलवर चालणारा, वर्गणी काढून आणलेला. तो घरोघर फिरायचा. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही आयाबायांची रीत त्यांनी या पंपालाही लावली होती. पंप पुढच्या घरी जाताना टाकीच्या तोंडाशी असते त्या जाळीत, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, चार दोडकी नाहीतर घेवड्याच्या शेंगा जायच्या. औषधाच्या पंपातून भाजी पाठवणारं गाव दुसरं सापडायचं नाही. शामूकडं एकदा जाऊन आलेला पंप पुन्हा त्याच्याकडंच जायचा होता, म्हणून भरमूची बायको नेहमीसारखी पिशवी बांधत होती. परशराम तिच्याजवळून गेला तेव्हा तिनं मान खाली घातली. एरवी ती त्याला भाऊजी म्हणून दोन शब्द बोलल्याशिवाय जाऊ देत नसे.

घरी आल्यावर परशरामनं पायावर पाणी घेतलं आणि तसाच ओल्या पायांनी शेडनेटमध्ये शिरला. मालुबाई, त्याची बायको, आणि दिपाली, त्याची सून, ट्रेमध्ये कोकोपीट भरत बसल्या होत्या. मालुबाईच्या बोटांच्या भेगांत ते तपकिरी कोकोपीट कायमचं बसलेलं. लग्नकार्याला जाताना ती लिंबू घासून घासून हात धुवायची, तरी निघायचं नाही. हिरव्या जाळीखालच्या उजेडात ओळीनं ट्रे मांडलेले होते. मिरची, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर. दसऱ्यानंतर लागणी सुरू होणार, त्यासाठी सगळं तयार झालेलं. पिवळ्या चिकट पट्ट्या जागोजाग टांगलेल्या, आणि दाराशी चुन्याची पाटी, तिच्यात पाय बुडवूनच आत यायचं. आज परशराम ती पाटी विसरला हे मालुबाईनं बघितलं आणि काहीतरी बिनसलंय हे तिला तिथंच कळलं.

त्यानं सांगितलं. सांगताना तो एकेक ट्रे उचलून रोपांचे शेंडे बघत होता. शेंडे सरळ होते, पानं रुंद होती.

"हितं तर कायच न्हाय," मालुबाई म्हणाली.

"हितं दिसत न्हाय. रानात जाऊन दिसतंय म्हंत्यात."

"मग त्यास्नी हितं आणून दाखवा."

परशरामनं पुढचा ट्रे उचलला. संघाचा नियम त्याला पाठ होता, कारण तो त्यानंच मांडलेला. रोपवाटिकेत बोकड्या ठरला तर मालकानं आपल्या हातानं सगळी रोपं उपटून जाळायची, आणि दारावरची संघाची पाटी उतरवायची. त्या पाटीच्या विश्वासावर पार काकतीपासून माणसं रोपं न्यायला येत. नियम मांडला तेव्हा तो छाती पुढं काढून बोलला होता, की ज्याच्या घरात घाण त्यानं दुसऱ्याच्या रानात पाठवू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. नियम बरोबरच होता. आजही त्याला तो चुकीचा वाटत नव्हता, आणि त्यामुळंच त्याला कुणावर रागावताही येत नव्हतं.

येत्या रविवारी संघाची बैठक ठरली. तोवरचे दिवस काढणं अवघड गेलं. काम थांबवता येत नव्हतं. रोपं बिचारी पाणी मागतच होती. परशराम सकाळी झारी घेऊन वाकायचा आणि दुपारी पाठ धरून उठायचा. जाळायच्या रोपांना पाणी घालतोय की विकायच्या, हे त्याला कळत नव्हतं. दिपाली पिवळ्या पट्ट्या बदलायची, जुन्या पट्टीवर पांढरी माशी सापडते का बघायची. बारीक चिलटं सापडायची, माशी नाही. ती पट्टी मामांना, म्हणजे परशरामला, नेऊन दाखवायची. तो बघून मान हलवायचा आणि पुन्हा झारी उचलायचा.

काकतीचा एक बागायतदार दरसाल मिरचीची रोपं न्यायचा. त्याचा फोन आला. यंदा लागण लांबणीवर टाकलीय म्हणाला. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. वडगावच्या एका विणकराच्या घरच्यांनी परसात लावायला म्हणून ट्रेभर वांग्याची रोपं नेली होती. ती स्कूटरच्या पुढं ठेवून परत आणून दिली, आणि वर पैसे नकोत म्हणाले. ते नकोत म्हणणं मालुबाईला जास्त लागलं. डेअरीत दूध घालायला गेली की आधी चालू असलेलं बोलणं थांबायचं आणि मग हवापाण्याचं सुरू व्हायचं. एका बाईनं मुद्दाम विचारलं, की काय गं, तुमच्या शेडमधनं आमच्या परड्यातल्या मिरचीवर तर यायचं न्हाय न्हवं? मालुबाई दुधाचं भांडं घेऊन सरळ घरी आली. चुलीपुढं बसून तिनं पदरानं डोळे पुसले आणि धुराच्या नावानं दोन शिव्या घातल्या. चुलीत जाळ नव्हताच.

भरमूच्या रानातली पिळलेली पानं पिशवीत घालून परशराम बेळगावला तोटगारिकेच्या ऑफिसात, म्हणजे फलोत्पादन खात्यात, जाऊन आला. तिथले साहेब कन्नडमधून बोलले, हा मराठीतून बोलला, दोघांनाही दोघांचं कळलं. पानं तपासायला बाहेर पाठवावी लागतात, निकाल यायला दिवाळी उजाडेल, असं साहेबांनी सांगितलं. माणूस चांगला होता, त्यानं चहा विचारला. पण दिवाळीपर्यंत ट्रेमधली रोपं थोराड होणार, त्यांची मुळं गोळा होऊन बसणार, मग ती निरोगी असली काय नि नसली काय. परशराम बसनं परत आला तेव्हा त्यानं पानांची पिशवी अजून हातात घट्ट धरलेली होती. अर्धी पानं साहेबांनी ठेवून घेतलेली, अर्धी हा परत घेऊन आलेला. कशाला आणली ते त्यालाही सांगता आलं नाही.

मुलगा राजकुमार उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला होता. तो जेवताना म्हणाला की एवढं मानहानीचं कशाला करायचं, शेड मोडू, जागा भाड्यानं देऊ. त्याचं चुकत नव्हतं, त्याला बापाची दया येत होती. पण मालुबाईनं भाकरीचं ताट बाजूला सारलं, म्हणाली, तुझं शिक्षान ह्या ट्रेवर झालंय, आता तुला ती नुसती शेड दिसायला लागली व्हय? राजकुमारनं मान खाली घालून भाकरी मोडली. दिपालीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं आणि त्याच्या ताटात आमटी वाढली.

शनिवारी सकाळी मालुबाई डेअरीतून परत आली तर परशराम शेडमध्ये खाली मांडी घालून बसलेला. पुढ्यात मिरचीचा ट्रे आणि बाजूला रिकामं पोतं. तो एकेक रोप अंगठ्यानं खालून वर ढकलून काढत होता, लावायला काढतात तसं हळुवार, आणि पोत्यात टाकत होता. मुळं पांढरीशुभ्र होती.

"अवो, काय चाललंय?"

"उद्या सगळ्यांच्या म्होरं उपटण्यापरीस आज आपलं आपण उपटतो."

मालुबाईनं पोतं ओढून घेतलं. त्यातली रोपं तिनं ओंजळीनं बाहेर काढली, परत कोकोपीटमध्ये खुपसली आणि त्यांच्यावर पाणी शिंपडलं. नवऱ्याशी ती भांडली नाही. चपला पायात सरकवल्या आणि तशीच आण्णाप्पांच्या घरी गेली. जाताना हात धुवायचंही तिला सुचलं नाही.

आण्णाप्पा सोप्यात कांबळ्यावर बसून काढा पीत होते. ताप उतरला होता, पण तोंडाला चव नव्हती. संघ त्यांनी उभा केला तेव्हा कोबीला गिऱ्हाईक मिळत नव्हतं आणि बेळगावच्या मार्केटात दलाल बोलेल तो भाव होता. सगळ्यांनी मिळून गाडी ठरवावी, मिळून औषध आणावं, एकानं केलेली चूक दुसऱ्यानं करू नये, एवढ्यासाठी त्यांनी लोकांच्या दारात चपला झिजवल्या होत्या. फेरीत काय झालं ते त्यांच्या कानावर अर्धवट आलं होतं. मालुबाईनं सगळं सांगितलं. मारुतीराव पहिल्याच सरीत काय म्हणाले ते सांगितल्यावर आप्पांनी काढ्याचा पेला खाली ठेवला.

"चहाच्या आधी?"

"व्हय."

"आनि मग समदी फुडं फिरली?"

"फिरले आसतील. हे सांगत्यात, समद्यांनी बोकड्याच बगितला."

मग मालुबाई म्हणाली, "आप्पा, मला सूट नको. एकदा समदी रानं फिरा. ल्हान-मोठी समदी, आमची रोपं गेलेली. तरी बोकड्याच निगाला तर मी माज्या हातानं काडी लावते. हे न्हाईत लावायचे, मी लावते."

आप्पांनी टोपी चढवली आणि मुलाला फोन लावायला सांगितलं. रविवारी बैठक नाही, फेरी. सगळ्यांनी यायचं.

रविवारी ऊन वर यायच्या आत माणसं गोळा झाली. मारुतीराव आले, पण त्यांना हे आवडलं नव्हतं. अध्यक्षानं सांगितलेलं परत तपासायचं म्हणजे काय, असं त्यांच्या चालण्यात दिसत होतं. पांढरा लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन ते सगळ्यांच्या पुढं निघाले. आप्पांनी त्यांना काठीनं थांबवलं आणि सगळ्यांना नियम पुन्हा ऐकवले. मालकानं गप्प राहायचं. रोगाचं नाव काढलं तर त्यानं सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. पोरं हसली. परशराम सगळ्यांच्या मागं होता, आणि बायका कधी फेरीला येत नसत तरी मालुबाई आणि दिपालीही बांधाबांधानं चालत होत्या. त्यांना परत जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आधी भरमूचं रान. मग शामूचं. मग ओढ्याकडच्या अंगाला आप्पा वळले तेव्हा मारुतीराव म्हणाले, तिकडं कुणाचंच मोठं रान नाही, फेरी तिकडं कधी जात नाही. आप्पा म्हणाले, म्हणूनच जाऊया.

तिकडं बायाक्काचा तुकडा होता. बायाक्का नवऱ्यामागं एकटीनं रान बघायची. वर्गणी वेळेवर द्यायची आणि फेरीची तिनं कधी वाट बघितली नव्हती. एवढी सगळी माणसं आपल्या बांधावर येताना बघून ती घाबरली, तिला वाटलं काही चुकलंच. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि नियमाप्रमाणं ओठ घट्ट मिटले. तिचे टोमॅटो हिरवेगार होते. पानं रुंद, शेंडे सरळ, खालच्या फांदीला फुलं लागलेली. परशराम सरीच्या तोंडाशी उभा राहिला आणि बघतच राहिला. ही त्याचीच रोपं होती, भरमूची आणि हिची एकाच दिवशी भरलेली. पण चहाआधी बोलायचं नव्हतं, म्हणून तो खाली वाकला आणि उगीचच एक ढेकूळ फोडलं.

चहा बायाक्काच्याच खोपीत झाला. कप पुरले नाहीत, काहींनी तांब्यातून घेतला. आप्पांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली. काय दिसलं तेवढं सांगा, काय आहे ते सांगू नका.

एकजण म्हणाला, भरमूचं जास्त वाकडं आहे, शामूचं कमी. आप्पा म्हणाले, बरं. दुसरा म्हणाला, शामूच्या झाडांना वरनं नवीन फूट आलीय आणि ती सरळ आहे. आप्पांनी भुवया वर केल्या. बोकड्या लागलेलं झाड पुन्हा सरळ फुटत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिसऱ्यानं जरा घुटमळत सांगितलं, भरमूच्या बांधावर टोमॅटोच्या कडेनं चवळी आहे, ती पण तशीच पिळलीय, आणि चवळी तर भरमूच्या बायकोनं घरचं बी टोकलेली. भरमू तोंड उघडणार होता, मग त्याला नियम आठवला. आप्पा म्हणाले, आता चहा झालाय, बोल. भरमू म्हणाला, चवळी माझ्या लक्षातच आली नाही. टोमॅटोच बघत होतो.

शेवटी आप्पांनी बायाक्काला विचारलं की तू वेगळं काय केलंस. तिला तो प्रश्न म्हणजे आरोपच वाटला.

"काय न्हाय केलं, आप्पा. खत तेच, औषद तेच. फकस्त तुमचा पंप न्हाय आणला. माज्या पाठीला झेपत न्हाय त्यो, आनि दोरी वडून चालू पन व्हईत न्हाय मला. आमच्या ह्यांचा पितळी पंप हाय, हातानं मारायचा, त्यानंच मारलं."

सगळ्यांच्या माना एकदम शामूकडं वळल्या. संघाचा पंप शामूच्या घरी होता. शामू धावतच गेला आणि घेऊन आला. आप्पांनी टोपण फिरवलं. जाळीत प्लास्टिकच्या पिशवीत दोन काकड्या होत्या, शामूच्या आईनं पुढच्या घरासाठी ठेवलेल्या. आप्पांनी त्या बाहेर काढून मांडीवर ठेवल्या, टाकीत नाक घातलं, मग नळी सोडवून तिचं टोक हुंगलं आणि ती न बोलता परशरामकडं दिली. परशरामनं हुंगली. कीटकनाशकाचा वास सगळ्यांच्या ओळखीचा. हा तो नव्हता. हा उग्र, घशाला लागणारा वास उसात तण मारतात त्या औषधाचा. नळी एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि मारुतीरावांपर्यंत आली. त्यांनी ती हुंगली नाही, नुसती हातात धरली.

तणनाशक संघाच्या पंपात घालायचं नाही हे संघाच्या पहिल्या बैठकीत ठरलेलं होतं. ते उसाला काही करत नाही, पण रुंद पानाच्या झाडाला त्याचा थेंबही वाकवतो, आणि टाकीत, नळीत ते चिकटून राहतं.

"माज्याकडनं गेलाय ह्यो पंप भरमूकडं," मारुतीराव म्हणाले. आवाज एवढा खाली आला होता की मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी परत सांगितलं. "माजा पंप रिपेरीला हुता. उसात तण लई झालंतं. एकच टाकी मारली. धुतलाता मी, दोन बादल्या पाण्यानं. आनि घरातनं हिनं घेवडा घातला वर."

"घेवडा बगून मीबी धुतला न्हाय," भरमू म्हणाला. "शेंगा घातल्यात म्हंजे धुतल्यालाच की, आसं वाटलं."

"मीबी," शामू म्हणाला.

कुणीतरी आधी फिसकन हसलं, मग हसू सगळीकडं पसरलं. खुद्द आप्पांनी मांडीवरच्या काकड्यांकडं बघितलं आणि तेही हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला आला. एका रीतीपायी दोन रानं पिळली होती, आणि रीत चांगलीच होती. हसले नाहीत ते दोघंच. मारुतीराव, आणि परशराम. परशराम खोपीच्या मेढीला टेकून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते लपवावं असंही त्याला वाटलं नाही. बांधावर उभ्या असलेल्या मालुबाईला आतलं नीट ऐकू आलं नव्हतं. नवरा रडतोय एवढंच दिसलं. ती तिथंच मातीत बसली.

"आत्या, उठा," दिपाली आत जाऊन ऐकून आली होती. "बोकड्या न्हाय. पंप हाय, पंप."

मालुबाईला दोनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच म्हणून बघितलं, बोकड्या न्हाय, आणि मग दिपालीचा हात तिनं घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

मारुतीराव उठून परशरामपुढं आले. सगळ्यांसमोर त्यांनी दोन्ही हात जोडले. परशरामला ते बघवेना, त्यानं त्यांचे हात धरून खाली केले. म्हणाला, नियम मोडला तो चहाचा, एवढंच लक्षात ठेवूया. भरमूच्या झाडांना पाणी आणि थोडं खत देत राहायचं, वरून फूट सरळ येईल, तोडा उशिरा होईल इतकंच, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या तोड्यासाठी जी गाडी लागेल ती मारुतीरावांनी आपण होऊन देऊ केली. अध्यक्षपद सोडतो म्हणाले, तेव्हा आप्पा म्हणाले, सोडू नको, तुला आता कधी विसर पडायचा नाही. एक नियम मात्र वाढला. पंप पुढं द्यायचा तो सोड्याच्या पाण्यानं धुऊन, टोपण उघडं, नळी सुटी, आणि जाळीत काहीही न घालता. रिकामा.

दसऱ्याला दिपालीनं दारावरची संघाची पाटी पुसून तिला झेंडूची माळ घातली. काकतीचा बागायतदार आला. त्याची लागण पुन्हा अलीकडं आली होती. फोनबद्दल तो काही बोलला नाही, मालुबाईही बोलली नाही. फक्त ट्रे मोजून देताना तिनं त्याला चुन्याच्या पाटीत दोनदा पाय बुडवायला लावले. वडगावची माणसंही स्कूटरवरून आली, त्यांना तिनं तोच परत आलेला वांग्याचा ट्रे दिला. रोपं आता चांगली वीतभर झाली होती. पैसे मोजून घेतले.

दिवाळीच्या आधी परसातल्या मिरच्यांवर फवारायला संघाचा पंप तिच्या घरी आला. काम झाल्यावर परशरामनं तो सोड्यानं धुतला, दिवसभर उन्हात उलटा ठेवला, परत धुतला. यादीप्रमाणं पुढचं घर मारुतीरावांचं होतं. पंप मालुबाई घेऊन निघाली. टोपण उघडं, नळी सुटी, जाळी मोकळी. उभ्या जन्मात तिनं कुणाचं भांडं असं परत केलं नव्हतं.

मारुतीराव दारातच भेटले. त्यांनी पंप घेतला, टाकीत डोकावलं, नळी हुंगली, मगच मान वर केली.

"वैनी, रिकामा हाय."

"व्हय. रिकामाच आणलाय," मालुबाई म्हणाली. मग तिला राहवलं नाही. पदराखाली धरलेली पिशवी तिनं त्यांच्या दुसऱ्या हातात दिली. आत चार वांगी होती, देठ अजून ओले. "हे येगळं हाय. पंपातलं न्हवं."

मारुतीरावांनी आत हाक मारली आणि बायकोला सांगितलं की परशरामच्या घरची पिशवी आलीय, ती रिकामी परत जायला नको.